अँटिव्हायरस विकत घेण्याआधीचा एक रविवार

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीची वार्षिक सभा सप्टेंबरात असते. हिशेबाच्या प्रती काढायला सेक्रेटरी काका पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले. घरी येऊन बघतात तर आतल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. एकावर क्लिक केलं, उघडेना. मग दुसऱ्यावर केलं, तिसऱ्यावर केलं. इथेच घोळ झाला, कारण त्या क्लिकने घरच्या कॉम्प्युटरलाही लागण झाली. घाबरून ते एका कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. त्याने तीन वर्षांचं कसलंसं 'टोटल' पॅक गळ्यात मारलं.

मला बोलावणं आलं तेव्हा कॉम्प्युटर सुरू व्हायला घातलेला चहा गार होईस्तोवर वेळ लागत होता. आत तीन सुरक्षा प्रोग्राम नांदत होते: लॅपटॉपबरोबर आलेली आणि कधीच संपलेली ट्रायल, मुलाने कधीतरी टाकलेलं फुकटचं एक, आणि हे नवं. तिघंही एकमेकांवर संशय घेत बसलेले.

त्या रविवारी आम्ही जे केलं तेच इथे क्रमाने मांडतो. सगळं विंडोजबद्दल आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेक घरांना वेगळं अँटिव्हायरस विकत घ्यायची गरज नसते. काही घरांना असते, आणि आपलं घर कोणत्या गटातलं हे ठरवायला निम्मा लेख जाईल.

पायरी १: आधी विंडोज बघा

विंडोजचं बटण आणि आर ही अक्षरकळ एकत्र दाबा, चौकटीत 'विनव्हर' (इंग्रजीत winver) टाइप करून एंटर करा. कोणती विंडोज आहे ते दिसेल. विंडोज १० असेल तर थांबा. तिची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव अपडेटची जी योजना जाहीर केली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, आणि तीही आपोआप मिळत नाही. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर जाऊन नाव नोंदवावं लागतं.

'अँटिव्हायरस आहे ना, मग अपडेट कशाला?' हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. अँटिव्हायरस म्हणजे दारावरचा वॉचमन. अपडेट म्हणजे मागच्या बाजूला पडलेलं भगदाड बुजवणं. वॉचमन कितीही जागा असला तरी भगदाडातून येणारा त्याला दिसेलच असं नाही. २०१७ चं वॉनाक्राय हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्राम, आठवत असेल. ज्या त्रुटीतून ते शिरलं ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. हल्ला झाला मे महिन्यात. ज्यांनी 'नंतर आठवण करा' दाबलं होतं त्यांचे कॉम्प्युटर गेले.

त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या नावाचं तसंच दुसरं आलं आणि ते थेट आपल्या अंगणात पोचलं. न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज समूहाचं टर्मिनल त्यात ठप्प झालं. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती आणि पुढे पसरायला वॉनाक्रायचीच त्रुटी त्याला कामी आली. तिकडे कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर अपडेट झालं आणि इकडे उरणला कंटेनर अडकले.

विंडोज ११ वर जायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, किमान ४ जीबी रॅम आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवलं की जमेल की नाही ते कळतं.

आता जरा नाजूक विषय. विंडोज अस्सल आहे का? मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून जुळवून आणलेल्या बऱ्याच पीसींमध्ये विंडोज 'ॲक्टिव्हेट करून' मिळते, म्हणजे लायसन न घेता, ते चुकवणारा 'क्रॅक' प्रोग्राम मारून. क्रॅक चालवताना पहिली सूचना काय असते? 'अँटिव्हायरस बंद करा.' चोराने कुलूप उघडून ठेवायला सांगायचं आणि आपण ठेवायचं, त्यातला हा प्रकार. क्रॅक मारलेल्या विंडोजवर दीड-दोन हजारांचं अँटिव्हायरस टाकण्यापेक्षा तो पैसा अस्सल लायसनकडे वळवा.

पायरी २: घरात कोण कोण राहतंय ते मोजा

स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' शोधून उघडा. तिच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज प्रोव्हायडर्स' असं पान आहे. तिथे अँटिव्हायरस म्हणून कोणाकोणाची नोंद आहे ते दिसतं. सेक्रेटरी काकांकडे यादी बघूनच हसू आलं.

एका वेळी एकच अँटिव्हायरस पहाऱ्यावर हवं. दोन असली की दोघंही प्रत्येक फाइल उघडताना तिला अडवून तपासतात, कधी एकमेकांच्याच फाइलींना विषाणू समजतात, आणि कॉम्प्युटर रांगायला लागतो. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर यात समंजस आहे. दुसरं कोणी आलं की तो बाजूला होतो. त्या दुसऱ्याची मुदत संपली की डिफेंडरने पुन्हा कामावर यायचं असतं. बहुतेकदा येतोही. पण संपलेली ट्रायल कधीकधी खुर्ची सोडत नाही, 'रिन्यू करा' म्हणून ओरडत बसते आणि पहारा मात्र कोणीच देत नाही.

म्हणून काढताना नीट काढा. 'इन्स्टॉल्ड ॲप्स'मधून अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट करा. तरी अवशेष उरले तर बहुतेक कंपन्यांचं स्वतःचं काढून टाकण्याचं टूल असतं, ते त्यांच्याच साइटवरून घेऊन चालवा. एक काढलं की रीस्टार्ट, मग दुसरं. घाई केली की अर्धवट सांगाडे राहतात आणि पुढचं काहीच नीट बसत नाही.

पायरी ३: डिफेंडरला पूर्ण कामाला लावा

पूर्ण अँटिव्हायरस म्हणून डिफेंडर विंडोज ८ पासून विंडोजमध्येच येतो. 'फुकटचं ते कुचकामी' हा समज त्याच्या सुरुवातीच्या दिवसांत बराचसा खरा होता, आता नाही. पण त्याची काही बटणं बंद असू शकतात, ती बघून घ्या.

'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'च्या सेटिंग्जमध्ये रिअल-टाइम प्रोटेक्शन, क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन आणि टॅम्पर प्रोटेक्शन ही तिन्ही चालू हवीत. शेवटचं महत्त्वाचं: कॉम्प्युटरमध्ये शिरलेला एखादा प्रोग्राम डिफेंडरलाच गुपचूप बंद करू पाहतो, ते यामुळे अडतं. मग 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये जा. 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन'खाली नको असलेली ॲप्स अडवण्याची सोय आहे, ती चालू करा. फुकटच्या पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर जे टूलबार आणि 'पीसी बूस्टर' घरात घुसतात त्यांच्यासाठी ती आहे.

'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' ही रॅन्समवेअरविरुद्धची सोय. अनोळखी प्रोग्रामला ती डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांत लिहू देत नाही. फार चांगली, पण थोडा सासुरवास करते. मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर किंवा एखादा कमी प्रचलित प्रोग्राम फाइल सेव्ह करायला गेला की ती अडवते आणि आपल्याला वाटतं फाइल खराब झाली. परवानगीच्या यादीत त्या प्रोग्रामचं नाव घालावं लागतं. हे जमणार असेल तरच चालू करा; ज्येष्ठांच्या कॉम्प्युटरवर मी ती बंदच ठेवतो आणि बॅकअपवर भर देतो.

शेवटी फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधून फाइलींची शेपटं, म्हणजे एक्स्टेन्शन, दिसतील असं करा. 'लाइटबिल.पीडीएफ' वाटणारी फाइल खरं तर 'लाइटबिल.पीडीएफ.ईएक्सई' (म्हणजे चालणारा प्रोग्राम) असू शकते, आणि ते शेवटचं शेपूट विंडोज सवयीने लपवते.

लागण आधीच झालीय अशी शंका असेल तर 'स्कॅन ऑप्शन्स'मधून ऑफलाइन स्कॅन करा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण उठण्याआधी तपासणी होते, त्यामुळे दडून बसलेल्याला पळायला वेळ मिळत नाही. साधारण पाव तास लागतो. चार्जर लावून ठेवा. याशिवाय सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर बॉट, म्हणजे कॉम्प्युटर परक्याच्या ताब्यात देणारे प्रोग्राम, काढण्याची टूल्स मोफत मिळतात.

पायरी ४: तुम्हाला विकतचं लागतं का?

मी स्वतः कोणाला विकत घ्यायला सांगतो? घरात पाच-सहा यंत्रं आहेत, दोन फोन मुलांच्या हातात आहेत आणि सगळ्यांवर एका जागेवरून नजर हवी आहे, अशांना. ज्यांच्याकडे दिवसभर परक्यांचे पेनड्राइव्ह येतात, म्हणजे घरून टायपिंग किंवा डीटीपी करणारे, क्लासवाले, अशांना. आणि ज्या आई-वडिलांची मुलं परदेशात आहेत, ज्यांना अडचण आली तर मराठीत किंवा हिंदीत बोलणारा माणूस फोनवर हवा असतो, त्यांना. हा शेवटचा मुद्दा कुठल्या तुलनेच्या तक्त्यात नसतो, पण ऐरोली-नेरूळच्या टॉवरांमध्ये एकट्या राहणाऱ्या जोडप्यांसाठी मला तोच सगळ्यात मोठा वाटतो.

बाकी 'टोटल', 'अल्टिमेट', 'प्रीमियम' या नावांखाली जे कोंबलेलं असतं, त्यासाठी पैसे देऊ नका. जंक क्लीनर विंडोजमध्ये आहेच. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही, साफ करून कॉम्प्युटर पळायला लागत नाही. व्हीपीएनची, म्हणजे इंटरनेटवरची आपली ये-जा झाकणाऱ्या सोयीची, गरज बहुतेक घरांना नसते. पासवर्ड सांभाळायला बिटवॉर्डनसारखं फुकटचं स्वतंत्र ॲप बरं, कारण उद्या अँटिव्हायरस बदललं तरी पासवर्ड तिथेच अडकत नाहीत.

कंपन्यांबद्दल थोडं. क्विक हील आपल्या पुण्याचं. रहिमतपूरचे कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होते, भाऊ संजय यांनी व्हायरस काढणारा प्रोग्राम लिहिला आणि त्यातून कंपनी उभी राहिली. चेन्नईचं के७ आणि मुंबईचं ईस्कॅन हेही इथलेच. बिटडिफेंडर रुमानियाचं, ईसेट स्लोव्हाकियाचं. नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चार नावं दिसायला वेगळी, मालक एकच: जेन डिजिटल. तेव्हा 'नॉर्टन नको, एव्हीजी दे' असं म्हणून आपण फार लांब जात नाही. रशियाच्या कॅस्परस्कीच्या विक्रीवर अमेरिकेने २०२४ मध्ये बंदी घातली. ती बंदी त्यांच्यापुरती आहे, पण निवड करताना माहीत असावी.

अगदी फुकटचं घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अवास्ट आपल्या वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकत असे. त्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. अँटिव्हायरसला आपण घराच्या सगळ्या किल्ल्या देतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले, तो याच किल्ल्यांचा परिणाम. त्यामुळे कोणाला आत घ्यायचं हे किमतीवरून ठरवू नये.

पायरी ५: गुणपत्रिका वाचा

'टॉप टेन अँटिव्हायरस' अशा याद्यांमध्ये बऱ्याचदा प्रत्येक लिंकमागे कमिशन असतं. त्याऐवजी दोन प्रयोगशाळा बघा: जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्हज. दोन्हींचे निकाल मोफत वाचता येतात.

एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरसुलभता या तीन विषयांत प्रत्येकी ६ पैकी गुण देते, म्हणजे एकूण १८. संरक्षणात हल्ली बहुतेक नामवंत ६ पैकी ६ च्या आसपास असतात, डिफेंडरसुद्धा. दहावीच्या निकालासारखं झालंय, सगळेच नव्वदच्या वर. म्हणून मी बाकी दोन विषय बघतो. वेगाचे गुण म्हणजे कॉम्प्युटर किती जड होतो. चार-पाच वर्षं जुन्या लॅपटॉपसाठी हे फार महत्त्वाचं. आणि खोट्या धोक्याच्या सूचना किती देतं. निरपराध फाइलींवर सतत भुंकणारा कुत्रा असला की घरचे लोक वैतागून त्याला बांधून ठेवतात आणि मग खरा चोर सुखाने येतो. एकाच महिन्याचा निकाल पाहू नका, गेल्या वर्षभरातले तीन-चार चाळा.

पायरी ६: खरेदी

आधी ३० दिवसांची ट्रायल घ्या आणि त्या महिन्यात आपली नेहमीची सगळी कामं करा: बँक, इन्कम टॅक्सचं पोर्टल, मुलांचे ऑनलाइन क्लास, प्रिंटर. कॉम्प्युटर जड झाला तर सोडून द्या, कोणी विचारत नाही.

तीन वर्षांचा सौदा टाळा, कितीही स्वस्त असला तरी. तीन वर्षांत लॅपटॉप बदलतो, विंडोज बदलते. एक वर्षाचं घ्या. पहिल्या वर्षाची किंमत आणि रिन्यूअलची किंमत यात बऱ्याचदा मोठा फरक असतो. तो बारीक अक्षरात लिहिलेला असतो, म्हणून चष्मा लावूनच वाचा. जाहिरातीतल्या आकड्यात १८ टक्के जीएसटी धरलाय का तेही बघा.

ऑनलाइन घेतलं तर ऑटो-रिन्यूअल तिथल्या तिथे बंद करा. कार्डावरून आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास बँकेने कळवायला हवं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण तो मेसेज ऑफरच्या मेसेजांच्या ढिगात कोणी वाचत नाही. दुकानातून डबा घेतला तर सीलबंद आहे ना, बिल मिळालं ना, आणि लायसनची की (किल्ली-क्रमांक) तुमच्याच ईमेलवर नोंदवली ना, हे पाहा. दुकानदार 'मी टाकून देतो' म्हणाला तरी नोंदणी स्वतः करा. काकांच्या तीन वर्षांच्या पॅकची नोंद दुकानदाराच्याच ईमेलवर निघाली. ती बदलून घेताना दोन आठवडे खेटे पडले. निम्म्या किमतीत नुसती लायसन-की विकणाऱ्यांच्या वाटेला तर जाऊच नका.

पायरी ७: बसवणं आणि खात्री करणं

क्रम सोपा आहे. महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या, जुनं काढा, रीस्टार्ट, नवं टाका, अपडेट करा, आणि रात्री पूर्ण स्कॅन लावून झोपा. बसवताना 'ब्राउझर एक्स्टेन्शन', 'सर्च इंजिन बदला' असल्या खुणा काढून टाका.

चालतंय की नाही हे कसं कळणार? त्यासाठी आयकार नावाची चाचणी-फाइल आहे. ६८ अक्षरांची, पूर्ण निरुपद्रवी; पण सगळ्या कंपन्यांनी तिला विषाणूसारखं पकडायचं असं ठरवलेलं आहे. आयकारच्या साइटवरून ती उतरवायला जा. अँटिव्हायरसने आरडाओरडा केला तर छान. गप्प राहिलं तर पायरी २ वर परत.

आणखी दहा मिनिटांचं काम: रोजच्या वापरासाठी साधं 'स्टँडर्ड' खातं करा, ॲडमिन खातं वेगळं ठेवा. बहुतेक प्रोग्राम इन्स्टॉल होताना पासवर्ड मागितला जातो, आणि तो मागितला की माणूस क्षणभर थांबतो.

जिथे कुठलंच पॅक कामाचं नाही

आमच्या ओळखीत ज्यांचे पैसे गेले त्यांच्यापैकी एकाचेही व्हायरसमुळे गेले नाहीत. फोन आला. 'तुमचं अँटिव्हायरस रिन्यू झालं, इतके हजार कापले, परत हवे असतील तर हे ॲप टाका.' मग एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखं, आपला स्क्रीन दुसऱ्याच्या हाती देणारं ॲप टाकून घेतलं. ही ॲप्स अस्सल आहेत, आपणच ती टाकली, आपणच परवानगी दिली. अँटिव्हायरसने कोणाला अडवायचं? 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे पोलीस असल्याची बतावणी करून 'तुम्हाला अटक झालीय' असं धमकावणं, तर नुसत्या व्हिडिओ कॉलवर चालते. अशी अटक कायद्यात नाहीच.

स्क्रीनच्या कोपऱ्यात 'तुमच्या पीसीत ५ व्हायरस' अशी लाल पाटी येते, तीही बहुतेकदा ब्राउझरचं नोटिफिकेशन असते. कधीतरी कुठल्या साइटला आपण 'अलाउ' म्हटलेलं असतं. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जा आणि अनोळखी नावं काढून टाका. ओळखीच्या एका काकूंचा कॉम्प्युटर असा दोन मिनिटांत 'निरोगी' झाला.

पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० ला फोन करा, सोबत बँकेलाही कळवा, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, त्यामुळे पहिले काही तास मोलाचे.

त्या पेनड्राइव्हचं काय झालं

फाइली गेल्या नव्हत्या, लपवल्या होत्या. या जातीचा व्हायरस खरे फोल्डर अदृश्य करतो आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट पुढे ठेवतो. शॉर्टकटवर क्लिक केलं की तो चालतो. आधी पेनड्राइव्ह डिफेंडरने स्कॅन केला. मग फाइल एक्सप्लोररच्या 'फोल्डर ऑप्शन्स'मध्ये लपलेल्या फाइली दाखवायला सांगितलं आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची खूण काढली. सोसायटीचे सगळे हिशेब फिकट रंगात समोर आले. ते कॉपी करून घेतले, पेनड्राइव्ह फॉरमॅट केला, खूण परत लावली.

दोन सुरक्षा प्रोग्राम काढले, तिसऱ्याची एक वर्षाची रक्कम दुकानदाराने कुरकुरत ठेवून बाकी परत केली. परत आलेल्या पैशांत थोडी भर घालून काकांनी एक टीबीची बाहेरची हार्डडिस्क घेतली. ती महिन्याच्या पहिल्या रविवारी जोडायची, कॉपी झाली की काढून कपाटात ठेवायची. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतं.

प्रिंटसाठी ते आता झेरॉक्सवाल्याला पीडीएफच पाठवतात, आणि प्रिंट हातात आली की त्याच्या समोर उभं राहून ती डिलीट करायला लावतात. आधारची प्रत लागली तर आकडे झाकलेलं मास्क्ड आधार. पेनड्राइव्ह त्यांनी माझ्या नातवाला गाण्यांसाठी देऊन टाकला.